जनावराच्या यकृतातलं औषध कसं मोजतात? डायक्लोफेनॅक आणि गिधाडांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनरक्षक, तालुक्याच्या दवाखान्यातले पशुवैद्यक, गोशाळा सांभाळणारे आणि एमएस्सीचे विद्यार्थी आमच्या औषध-अवशेष प्रयोगशाळेला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्यासमोर आत्ता मेलेलं जनावर पडलं असेल, तर आधी प्रश्न ४, ५ आणि ६ वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. गाईला दिलेल्या दुखण्याच्या इंजेक्शनाचा गिधाडाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ते इंजेक्शन डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं असलं आणि त्यानंतर लवकरच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं, तर औषध गिधाडाच्या पोटात जातं. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. सुरुवातीला सगळ्यांना साथीच्या रोगाचा संशय होता. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडातून. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. ज्या २५ पक्ष्यांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर होता (याला व्हिसरल गाऊट म्हणतात), त्या सगळ्या २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफेनॅक सापडलं. थर नसलेल्या १३ पैकी एकाही पक्ष्यात ते नव्हतं. मूत्रपिंडातलं प्रमाण दर ग्रॅमला ०.०५१ ते ०.६४३ मायक्रोग्रॅम होतं.

हे २५ आणि १३ आकडे आम्ही प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो. इतक्या कमी प्रमाणातलं औषध नेमकं ओळखता आलं नसतं, तर आजही आपण विषाणू शोधत बसलो असतो. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी घातली, त्यामागे असेच आकडे होते.

२. औषध मोजणाऱ्या त्या मशीनमध्ये (एचपीएलसीमध्ये) नक्की होतं काय?

एका पोलादी नळीत, म्हणजे कॉलममध्ये, सिलिकाची अतिशय बारीक पूड ठासून भरलेली असते. पुडीच्या प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या बसवलेल्या असतात, म्हणून त्याला सी-१८ कॉलम म्हणतात. पाणी आणि ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचं मिश्रण पंपाच्या दाबाने या पुडीतून सतत वाहत असतं. नमुन्यातले जे पदार्थ पाण्याला धरून असतात ते लवकर बाहेर पडतात, जे तेलकट असतात ते साखळ्यांपाशी रेंगाळतात. डायक्लोफेनॅक तेलकट आहे, त्यामुळे ते बऱ्यापैकी उशिरा येतं.

प्रवाहात आम्ही थोडं फॉर्मिक ॲसिड घालतो. डायक्लोफेनॅक हे स्वतः आम्ल आहे. पीएच साधारण ४ च्या वर गेला की त्याच्यावर ऋणभार येतो, मग ते कॉलमला धरत नाही आणि रक्तातल्या बाकी कचऱ्याबरोबर लवकर वाहून जातं. विद्यार्थ्यांकडून येणारी ‘पीक पसरट येतोय, जागाही बदलतेय’ ही तक्रार (पीक म्हणजे आलेखावर दिसणारा औषधाचा उंचवटा) बहुतेक वेळा पीएचपाशीच सुटते. कॉलम बदलण्याआधी तो तपासा.

३. साधं यूव्ही डिटेक्टरचं एचपीएलसी पुरतं, की एलसी-एमएस/एमएसच लागतं?

काय मोजायचं आहे त्यावर ते ठरतं. नुकतंच इंजेक्शन दिलेल्या गाईच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्ताच्या द्रवात, औषध भरपूर असतं. तिथे २७६ नॅनोमीटरवर यूव्हीने, म्हणजे अतिनील प्रकाशाने, मोजता येतं, कितीतरी महाविद्यालयांत ते उत्तम केलंही जातं. पण यकृत हा फार गजबजलेला अवयव आहे. त्यातले कितीतरी पदार्थ त्याच तरंगलांबीला प्रकाश शोषतात आणि त्याच मिनिटाला बाहेर येतात. यूव्हीला दिसते ती फक्त सावली, ती कोणाची हे कळत नाही.

एलसी-एमएस/एमएसमध्ये कॉलमच्या पुढे मास स्पेक्ट्रोमीटर असतो, तो रेणू वजनावरून ओळखतो. ऋणभाराच्या पद्धतीत डायक्लोफेनॅकचा आयन २९४ वर दिसतो. तो फोडला की कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४४, गळून २५० उरतो. शिवाय या रेणूत क्लोरीनचे दोन अणू आहेत. निसर्गात क्लोरीन ३५ आणि ३७ अशा दोन वजनांत मिळतो, म्हणून २९४ च्या शेजारी २९६ ची खूणही ठरावीक प्रमाणात दिसायलाच हवी. ठरलेलं मिनिट, ठरलेलं वजन, ठरलेला तुकडा आणि दोन खुणांमधलं ठरलेलं प्रमाण, हे सगळं जुळलं तरच आम्ही ‘आढळले’ लिहितो. ज्या रिपोर्टवरून कोणावर गुन्हा दाखल होऊ शकतो, तो नुसत्या यूव्हीवर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

४. मेलेल्या जनावराचा कुठला भाग पाठवायचा?

यकृत, म्हणजे खाटिक ज्याला कलेजी म्हणतात ते, आणि जमलं तर मूत्रपिंड. औषध तिथे जास्त असतं, आणि गिधाडंही पोट फोडून हे मऊ अवयवच आधी खातात. मांसाचा तुकडा एकट्याने पाठवू नका. विशेषतः मान किंवा पुठ्ठा, जिथे सुई टोचली असेल, तिथला तर नकोच. त्या जागी औषधाचा साठा राहतो आणि आकडा भलताच मोठा येतो. तो त्या एका जागेपुरता खरा असतो, पण संपूर्ण शवाबद्दल काहीच सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर सुरी लावू नका. तो फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकतो. शव उघडलं तर माणसांचा जीव धोक्यात येतो आणि जिवाणूचे बीजाणू वर्षानुवर्षं त्या मातीत राहतात. पशुवैद्यकांना बोलवा. आमचा नमुना बुडाला तरी चालेल.

५. किती पाठवायचं, कशात, आणि खेड्यात बर्फ कुठून आणायचा?

सुपारीएवढे दोन तुकडे पुरतात. विश्लेषणाला अर्धा ग्रॅमच लागतो, पण उरलेलं पुन्हा तपासणीसाठी ठेवता येतं (प्रश्न १५). प्रत्येक जनावरासाठी नवं ब्लेड आणि नवे हातमोजे वापरा. नवं ब्लेड नसेल तर जुनं पाण्याने आणि मग स्पिरिटने नीट पुसून घ्या. तुकडा झिपच्या पिशवीत घालून हवा काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला.

बर्फासाठी मासळीवाल्याकडे जा. थर्माकोलच्या खोक्यात त्याच्याकडचा फोडलेला बर्फ भरला की दिवसभर पुरतो. दवाखान्यात पोहोचल्यावर डीप फ्रीजरमध्ये ठेवा, पण लसींसोबत नको. आणि फॉर्मॅलिन अजिबात नको. ही चूक फार चांगल्या मनाने होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मॅलिनमध्येच ठेवायला आपल्याला शिकवलेलं असतं. पण औषध त्या द्रावात झिरपून जातं आणि आमच्या हाती नुसता कडक झालेला तुकडा उरतो. दोन्ही तपासण्या हव्या असतील तर दोन वेगळे तुकडे करा, एक फॉर्मॅलिनमध्ये आणि एक बर्फात.

६. चिठ्ठीवर काय लिहायचं?

जनावराची जात आणि अंदाजे वय, मेल्याची वेळ, नमुना घेतल्याची वेळ, गाव, आणि मालकाला आठवत असेल तर शेवटचं इंजेक्शन कधी आणि कोणतं. रिकामी बाटली मिळाली तर तिचा फोटो. मालकाचं नाव आम्हाला नको, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक पुरतो. नाव विचारलं की लोक घाबरतात आणि खरी माहिती मिळत नाही.

पेन्सिलने लिहा आणि चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवा. एकदा एका तालुक्याहून चौदा पिशव्या आल्या होत्या, प्रत्येकीवर मार्करने क्रमांक घातलेले. वाटेत बर्फ वितळला, पाणी शिरलं, आणि चौदापैकी अकरा पिशव्यांवर नुसता निळा डाग उरला. सगळे नमुने तपासले. तिघांत डायक्लोफेनॅक निघालं. ते तीन कुठल्या गावचे हे आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ज्या गावांत औषधविक्रेत्यांशी बोलायला हवं होतं तिथे कोणीच गेलं नाही. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, तरी उपयोग शून्य झाला.

७. जिवंत जनावराच्या रक्तात औषध किती दिवस सापडतं?

आपल्या देशी गाईंमध्ये डायक्लोफेनॅकचं रक्तातलं प्रमाण साधारण १२ तासांत निम्मं होतं. म्हणजे अडीच दिवसांत पाच वेळा निम्मं, सुमारे तीन टक्के उरतं. साडेतीन दिवसांनी एक टक्क्याहूनही कमी. युरोपीय वंशाच्या जनावरांत औषध जास्त रेंगाळतं. म्हणून चिठ्ठीवर जात लिहायला सांगतो.

रक्त हेपरिनच्या नळीत घ्या, हळूच उलटीसुलटी करा, हलवून फेस काढू नका. शक्य असेल तर तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करा. प्लाझ्मा लालसर दिसला, म्हणजे पेशी फुटल्या, तरी टाकून देऊ नका. नळीवर तसं लिहा, आम्ही तुलनेचे नमुनेही तशाच रक्तात तयार करू.

८. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचं काय करता?

अर्धवट गोठलेला तुकडाच कापतो, कारण पूर्ण वितळला की त्याचा रस सुटतो आणि औषध त्या रसाबरोबर जातं. कडा काढून टाकतो, आतला अर्धा ग्रॅम तोलतो. त्यात ड्युटेरियम (हायड्रोजनचं जड रूप) घातलेल्या डायक्लोफेनॅकची ठरावीक मात्रा घालतो. हा त्याच रेणूचा किंचित जड जुळा भाऊ (प्रश्न ९). मग ॲसिटोनायट्राइल ओतून फिरत्या पात्याने वाटतो. नळीतला लालतपकिरी लगदा काही सेकंदांत राखाडी आणि रवाळ होतो. प्रथिनं गोठल्याची ती खूण आहे. हे महत्त्वाचं, कारण रक्तातलं ९९ टक्क्यांहून अधिक डायक्लोफेनॅक प्रथिनांना चिकटलेलं असतं, आणि प्रथिनं मोडल्याशिवाय ते सुटत नाही. त्यानंतर सेंट्रिफ्यूज, वरचा स्वच्छ द्राव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून बारीक बाटलीत, आणि बाटली यंत्रात.

नमुन्यांच्या प्रत्येक गटाबरोबर तीन गोष्टी चालवतो: औषध नसल्याची खात्री असलेलं यकृत, त्याच यकृतात मोजून औषध घातलेला नमुना, आणि नुसता द्रावक. द्रावकात जरी डायक्लोफेनॅक दिसलं, तरी तो अख्खा गट रद्द. हे औषध माणसांतही इतकं वापरलं जातं की हाताला वेदनाशामक मलम चोळून आलेला कर्मचारीही नमुना दूषित करू शकतो. आमच्याकडे ते मलम लावून आत यायला मनाई आहे.

९. माझी रिकव्हरी ७० टक्केच येते. आकडे चुकीचे म्हणायचे का?

(विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. रिकव्हरी म्हणजे नमुन्यात घातलेल्या औषधापैकी परत सापडलेला भाग.) ७० टक्के हा स्वतःहून दोष नाही. कधी ७०, कधी ९५, कधी ५० असं येत असेल तर तो दोष आहे. आणि आधी खात्री करा की ते औषध खरंच हरवलंय. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये यकृतातले फॉस्फोलिपिड (पेशींमधले चरबीसारखे पदार्थ) त्याच क्षणी बाहेर आले तर ते विद्युतभार पळवतात आणि औषधाचा संदेश दबतो. औषध असतं, दिसत कमी.

दोन नमुने करून पाहा. एकात औषध वाटण्याआधी घाला, दुसऱ्यात वाटून गाळून झाल्यावर. दोन्हींत सारखंच कमी आलं तर गळती नाही, दाबणूक आहे. उपाय तोच, जड जुळा भाऊ. तो डायक्लोफेनॅकबरोबरच हरवतो आणि त्याच्याबरोबरच दबतो, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर टिकून राहतं. तो परवडत नसेल तर किमान मापनरेषा (जिच्यावरून प्रमाण वाचतो ती तुलनेची रेषा) शुद्ध द्रावकात न काढता स्वच्छ यकृताच्या अर्कात काढा. म्हशीच्या यकृतावर काढलेली रेषा शेळीला लावू नका.

औषधांच्या जैवविश्लेषणासाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या एम-१० मार्गदर्शिकेत दर्जा-तपासणीच्या नमुन्यांना अपेक्षित आकड्यापासून १५ टक्क्यांची आणि सर्वांत खालच्या पातळीला २० टक्क्यांची सूट आहे. प्रबंधासाठीही तीच फूटपट्टी धरा.

१०. रिपोर्टवर ‘आढळले नाही’ आहे. म्हणजे औषध दिलंच नव्हतं ना?

नाही, इतकं म्हणता येत नाही. यकृतासाठी आमची मोजमापाची खालची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. शेवटचं इंजेक्शन आठवड्यापूर्वीचं असेल तर प्रमाण त्याखाली गेलेलं असणार (हिशोब प्रश्न ७ मध्ये). ‘मर्यादेपेक्षा कमी’ असा शेरा वेगळा. त्याचा अर्थ खूण दिसते, पण आकडा विश्वासाने सांगता येत नाही. हे दोन शेरे एकच समजून सरासरी काढू नका.

११. आकडा किती आला की गिधाडाला धोका?

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी निम्मे पक्षी मरतील अशी मात्रा पक्ष्याच्या दर किलो वजनामागे ०.०९८ ते ०.२२५ मिलिग्रॅम काढलेली आहे. पाच किलोचा पक्षी धरला तर अर्धा ते एक मिलिग्रॅमच्या आसपास. आता समजा यकृतात किलोला १ मिलिग्रॅम निघालं आणि पक्ष्याने अर्धा किलो यकृत खाल्लं, तर अर्धा मिलिग्रॅम पोटात गेलं. म्हणजे धोक्याच्या पट्ट्यात पाय पडला. यकृत आणि बाकी मांस यांतलं प्रमाण वेगळं असतं, म्हणून यकृताचा आकडा अख्ख्या शवाला लावू नका.

याहून काळजाला भिडणारा आकडा वेगळा आहे. गिधाडांची घट समजावायला किती शवं विषारी असावी लागतील याचा हिशोब २००४ मध्येच मांडला गेला: दर ७६० पैकी एक ते दर १३० पैकी एक. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतात ६७ ठिकाणांहून गोळा केलेल्या १,८४८ यकृतांपैकी १०.१ टक्क्यांत डायक्लोफेनॅक होतं. बंदीनंतर हे प्रमाण खाली आलं, शून्य झालं नाही. एका मढ्यावर पन्नास पक्षी उतरतात, म्हणून एक नमुनाही आम्ही किरकोळ मानत नाही.

१२. आम्ही डायक्लोफेनॅक दिलंच नाही, ॲसेक्लोफेनॅक दिलं. तरी रिपोर्टवर डायक्लोफेनॅक कसं?

तुम्ही खरं बोलताय आणि रिपोर्टही खरा आहे. गाईच्या शरीरात ॲसेक्लोफेनॅकचं झपाट्याने डायक्लोफेनॅक होतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते गाईंवर दाखवलं. म्हणजे बाटली वेगळी, विष तेच. यकृत पाहून कुठली बाटली होती हे सांगणं त्यामुळे अवघड जातं. इंजेक्शनाच्या जागेचा तुकडा एरवी नको म्हणतो (प्रश्न ४), पण हा वाद असेल तर तो वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह जरूर पाठवा. तिथे मूळ औषध शिल्लक असण्याची शक्यता जास्त.

ॲसेक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन या वेदनाशामकांच्या जनावरांवरच्या वापराला जुलै २०२३ मध्ये बंदी आली, निमेसुलाइडला डिसेंबर २०२४ मध्ये. माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचत होत्या, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरतं मर्यादित केलं. तीनतीन मिलिच्या कुप्या फोडून गाईला देणंही बेकायदाच आहे.

१३. मग तापलेल्या, लंगडणाऱ्या जनावराला द्यायचं काय?

मेलॉक्सिकॅम किंवा टॉलफेनॅमिक ॲसिड, मात्रा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने. दोन्ही गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलेली आहेत. शेतकऱ्याला जनावराच्या वेदनेकडे पाठ फिरवायला कोणी सांगत नाही. आमच्या तपासणीत मेलॉक्सिकॅम त्याच फेरीत वेगळं दिसतं आणि ते सापडल्याचंही रिपोर्टवर लिहितो, कारण गावात चांगला बदल झालाय हे त्यावरूनच कळतं.

१४. गिधाडाच्या अंगात पांढरा थर आहे, पण डायक्लोफेनॅक सापडलं नाही. असं होतं का?

होतं, आणि अशा वेळी प्रकरण बंद करू नये. पहिली शक्यता दुसऱ्या औषधाची. भारतात मेलेल्या गिधाडांत निमेसुलाइड, आणि स्पेनमध्ये गाऊट झालेल्या एका गिधाडात फ्लुनिक्सिन सापडलेलं आहे. म्हणून एकच औषध न शोधता या वेदनाशामकांचा अख्खा गट तपासायला सांगा. दुसरी शक्यता शव जुनं असण्याची. उन्हात चार दिवस पडलेल्या पक्ष्यात ‘आढळले’ हा निकाल ग्राह्य धरतो, ‘आढळले नाही’ हा धरत नाही. तिसरी शक्यता पाण्याअभावी किंवा अन्य आजाराने मूत्रपिंड निकामी होण्याची. ते शवविच्छेदन करणारे पशुवैद्यकच सांगतील. २०२४ च्या सुरुवातीला हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून पेंच आणि ताडोब्यात गिधाडं आणली गेली. तिथला किंवा रायगडातल्या फणसाडसारख्या जुन्या वस्तीतला पक्षी मेला, तर त्याचं मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही लागतात.

१५. रिपोर्ट पटला नाही तर पुन्हा तपासता का?

हो. प्रत्येक नमुन्याचा दुसरा तुकडा उणे २० अंशांवर ठेवलेला असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर तसं लिहून कळवा. बर्फाच्या खोक्यात, मोहोर लावून, चिठ्ठीच्या प्रतीसह देतो. पिशवीचा क्रमांक तेवढा जपून ठेवा.